मोबिलिटी स्कूटर घेऊन थीम पार्कात: राइड, हॉटेल, खाणंपिणं, लोकांनी विचारलेले सगळे प्रश्न

गेल्या वर्षी आईला घेऊन दादाकडं फ्लोरिडाला गेले होते, तिथनं सगळे मिळून चार दिवस डिस्ने वर्ल्डला. आई ७१ ची, दोन्ही गुडघे गेलेत, घरात भिंतीला धरून चालते पण आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपासून पहिल्या गेटपर्यंत काय चालणं होत नाही. तिचा स्कूटरवरचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर पडला आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, पार चिकोडीपर्यंतच्या लोकांचे फोन येतायत, प्रश्न तेच तेच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

आक्का, ही स्कूटर म्हणजे ॲक्टिव्हाला बाजूला चाकं लावतात तीच काय?

नाही हो. ती रस्त्यावरची गाडी, लायसन्स लागणारी. ही बॅटरीवर चालणारी खुर्ची समजा, पुढं हँडल, खाली तीन नाहीतर चार चाकं, वेग माणसाच्या झपझप चालण्यापेक्षा थोडा जास्त. फुटपाथवर, मॉलमध्ये, पार्कात चालवायची. डिस्नेत तिला ईसीव्ही म्हणतात, पण मोबिलिटी स्कूटर म्हटलं तरी तिथल्या माणसांना कळतं. तीन चाकांची अरुंद जागेत पटकन वळते, चार चाकांची उतारावर जास्त भक्कम बसते. वयस्कर माणसाला चार चाकांचीच घ्या, वळवायला जरा जागा जास्त लागली तर लागू दे.

आमची आई चालते की, मग स्कूटर कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आमचा पहिला दिवस ह्याच्यातच गेला. घरात चालणं म्हणजे स्वयंपाकघरातनं देवघर, देवघरातनं परसू. पार्कात दिवसभरात दहा-बारा किलोमीटर सहज होतात, तेही उन्हात, आणि त्यातलं निम्मं तर नुसतं लायनीत उभं राहणं. गुडघेवाल्यांना विचारा, चालण्यापेक्षा उभं राहणं वाईट.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, मी काय लंगडी हाय काय, लोक काय म्हणतील. आम्ही पण जास्त ताणलं नाही. अकरा वाजेपर्यंत ती एका बाकावर बसली आणि म्हणाली तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते. आता तिला सोडून कोण जाणार, मग कधी मी, कधी वहिनी, कधी पोरगा असं आळीपाळीनं तिच्यासोबत बसलो. दुपारी स्कूटर आणायला गेलो तर सगळ्या संपलेल्या. सहा माणसांचा दिवस गेला आणि वर आईला वाटत राहिलं की आपल्यामुळं गेला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणून सांगते, पाय दुखायला लागल्यावर स्कूटर घ्यायची नाही, गेटात शिरतानाच घ्यायची. चालता येतंय तेवढं चालणं राइडसाठी, टॉयलेटसाठी, जेवायच्या खुर्चीपर्यंत जायला राखून ठेवायचं.

आणि लोकांचं म्हणाल तर तिथं दर पाच मिनिटाला एक स्कूटर समोरनं येते, कुणी वळून बघत पण नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आईच आमच्या पुढं होती.

व्हीलचेअर घेतली तर चालत नाही काय?

चालते की, आणि काही राइडना तीच सोयीची पडते (खाली लिहिलंय). पण ढकलणारा माणूस दिवसाच्या शेवटी मोडून पडतो. दुसरं म्हणजे व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला कुठं थांबायचं, काय बघायचं, हे ढकलणारा ठरवतो. स्कूटरवर आई तिला पाहिजे तिथं थांबली, एका फुलांच्या वाफ्यापाशी दहा मिनिटं.

आईला चालवायला येईल काय? तिनं कधी सायकल पण चालवली नाही.

येतंय. हँडलच्या खाली दोन्ही बाजूंना एक पट्टी असते, बहुतेक गाड्यांत उजव्या अंगठ्यानं दाबली की पुढं, डाव्यानं दाबली की मागं, सोडली की जागेवर थांबते. वेगळा ब्रेक नाही. अवघड आहे ते एवढंच, कारण माणूस घाबरला की मुठी आवळतो आणि इथं मुठी आवळल्या की गाडी अजून पुढं जाते. म्हणून पहिला अर्धा तास फक्त एकच शिकवा, भीती वाटली की हात सोड. बाकी सगळं आपोआप येतं.

वेगाचं एक गोल बटण असतं, एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. आईनं चष्मा लावून ते नीट बघितलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "शर्यत कासवानंच जिंकलेली की." पुढचे तिन्ही दिवस बटण कासवाकडंच होतं, फक्त संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर एकदा तिनं हळूच सशाकडं वळवलेलं मी बघितलंय.

इथं सरावाला गाडी मिळाली तर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर न्या. खुर्च्या मांडून त्यांच्यामधनं वळायला लावा, आणि मागं घ्यायचा सराव जास्त करा, कारण लिफ्टमधनं बाहेर पडताना मागंच यायला लागतं.

साडी चालते काय?

चालते, पण पदर खोचून पिन लावायची आणि निऱ्या पायाखाली नीट घ्यायच्या. पदर मागच्या चाकात गेला तर काय होतं हे आपल्याकडं दुचाकीवर किती वेळा ऐकलंय. आई दोन दिवस नऊवारी नेसली होती, ती तर सगळ्यात बरी, उतरा-चढायला पाय मोकळे. ओढणीवाल्यांनी ओढणी बॅगेतच ठेवावी.

इथनं विमानातनं न्यायची की तिथंच भाड्यानं घ्यायची?

अमेरिकेला जात असाल तर तिथंच भाड्यानं घ्या, माझं स्पष्ट मत. न्यायचीच असेल तर बॅटरी बघा. लिथियम बॅटरी निघणारी असेल तर एक बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत, आणि त्या काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायच्या असतात. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलं नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, म्हणजे २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर असेल तर २८८, बसतंय. १५ अँपिअर-अवरची असेल तर ३६०, बसत नाही. विमान कंपनीला आधी कळवून परवानगी घ्यायलाच पाहिजे, सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, जाणारी काही विमानं छोटी असतात म्हणून स्कूटरची लांबी, उंची, वजन पण आधीच सांगा. एअरपोर्टवरची व्हीलचेअर फुकट असते, तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय काय तेही बघा. अमेरिकेत १२० व्होल्टची लाइन, आपल्याकडं २३०. नुसता पिन बदलून भागत नाही.

डिस्नेत भाडं किती आणि कशी मिळते?

आम्ही गेलो तेव्हा पार्काच्या गेटावर दिवसाला ६५ डॉलर, वर २० डॉलर डिपॉझिट, ते परत मिळतं. आधी बुकिंग नाही, जो पहिला येईल त्याला. डॉक्टरची चिठ्ठी, यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं दिव्यांगांचं ओळखपत्र) काही विचारत नाहीत, चालवणारा १८ च्या वर पाहिजे एवढंच. ती गाडी त्या पार्कातच सोडायची, पण पावती ठेवा, त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात गेला तर शिल्लक असल्यास परत पैसे न भरता मिळते.

दुसरा रस्ता म्हणजे बाहेरच्या भाड्यानं देणाऱ्यांकडनं आठवड्यासाठी घेणं, ते हॉटेलवर आणून देतात, घ्यायला आपण समोर असायला लागतं. जास्त दिवस असतील तर ही स्वस्त पडते, शिवाय पार्किंगपासून गेटापर्यंतचं चालणं वाचतं, आणि ते चालणं काय कमी नाही. आम्ही दुसऱ्या दिवसापासून तशीच घेतली. डिस्नेच्या बसमध्ये ३२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब एवढी स्कूटर बसते, त्याहून मोठी घेऊ नका.

स्कूटर असली की लायनीत पुढं सोडतात काय?

नाही. हे गैरसमज घेऊन खूप जण जातात. बहुतेक लायनी आता एवढ्या रुंद केल्यात की स्कूटर किंवा व्हीलचेअर सगळ्यांबरोबरच आत जाते आणि वेळ पण तेवढाच लागतो. काही जुन्या राइडना वेगळं दार असतं, पण तिथं कधी उलट जास्त थांबायला लागतं, कारण व्हीलचेअर चढणाऱ्या होड्या-गाड्या मोजक्याच असतात. डीएएस नावाची एक सोय आहे, लायनीत न थांबता दिलेल्या वेळेला परत यायची, तिचे नियम मे २०२४ मध्ये बदलले, आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणी असणाऱ्यांना. गुडघ्यासाठी मागायला गेलात तर स्कूटर घ्या म्हणूनच सांगतील. पण स्कूटरवर बसून लायनीत थांबणं म्हणजे बसूनच थांबणं की, आईला तेवढंच हवं होतं.

कुठल्या राइडवर स्कूटरसकट जाता येतं?

ढोबळ चार प्रकार धरा. पहिला, स्कूटरवर बसूनच आत, म्हणजे शोवाल्या जागा, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स, टिकी रूम वगैरे. दुसरा, स्कूटर बाहेर ठेवून त्यांच्या व्हीलचेअरवर बसायचं आणि व्हीलचेअरसकट राइडमध्ये, बहुतेक ठिकाणी राइडच्या तोंडाशीच व्हीलचेअर ठेवलेल्या असतात. स्मॉल वर्ल्डची होडी, किलिमांजारो सफारी, लिव्हिंग विथ द लँड ह्या अशा. तिसरा, राइडच्या सीटवर स्वतः सरकून बसायचं. हाँटेड मॅन्शनमध्ये सरकता पट्टा असतो पण सांगितलं की ते हळू करतात, थांबवतात पण. चौथा, चालता येणं लागतंच, उदाहरणार्थ पीटर पॅन्स फ्लाइट, तिथला पट्टा थांबत नाही. ही आम्ही सोडली.

उचलून बसवणं तिथले लोक करत नाहीत, ते घरच्यांनी करायचं. म्हणून घरी खुर्चीतनं पलंगावर सरकायचा सराव करून जा.

किलिमांजारो सफारीत धक्के बसतात, दांडेलीच्या जीपची आठवण येते, पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल तर नको. आणि एप्कॉट ह्या डिस्नेच्याच पार्कातलं लिव्हिंग विथ द लँड मात्र चुकवू नका. होडीत बसून काचेच्या घरातनं जायचं, मातीशिवाय वाढवलेली भाजी, अधांतरी लटकलेली मुळं. आमच्या आईचं माहेर खानापूर तालुक्यातलं, भातशेतीवालं, तिनं ती मुळं बघितली आणि होडी पुढं गेली तरी मान मागं वळवून बघतच होती. त्या राइडवर आम्ही तीनदा गेलो.

हॉटेलात जेवायला स्कूटर आत नेता येते काय? टेबलाशी बसता येतं काय?

आत नेता येते. टेबलाशी बसणं वेगळं आणि ह्याचा आधी कुणी विचार करत नाही. व्हीलचेअर टेबलाखाली सरकते, पण स्कूटरला पुढं हँडलचा खांब असतो, तो तुमच्या आणि टेबलाच्या मध्ये येतो. पहिल्या जेवणाला आई स्कूटरवरच बसली, खांब मध्ये, मग तिरकं बसून हात लांब करून खाल्लं, अर्ध्या बीन्स साडीवर. मग कळलं की खुर्चीवर उतरायचंच. कडेचं टेबल मागायचं, स्कूटर खुर्चीला समांतर लावायची, किल्ली काढायची, मग उतरायचं.

किल्ली आधी का ते सांगते. आईनं एकदा किल्ली न काढता पर्स हँडलला अडकवली, पर्सचा पट्टा त्या पट्टीवर पडला आणि स्कूटर आपोआप पुढं सरकून शेजारच्या टेबलाच्या खुर्चीला टेकली. बसलेल्या बाई हसून बाजूला झाल्या, कुणाला लागलं नाही, पण मांडीवर गरम सूप असतं तर. तेव्हापासून थांबलो की किल्ली पर्समध्ये, आणि पर्स हँडलला नाही, पाठीमागच्या बॅगेत.

वेटर येऊन ऑर्डर घेतात अशा हॉटेलांत ६० दिवस आधीपासून बुकिंग होतं, तेव्हाच स्कूटर आहे म्हणून लिहा. दारातली माणसं जागा देतात आणि गर्दी असेल तर स्कूटर बाहेर लावायला सांगतात. काउंटरवरनं ट्रे उचलायच्या जागी मात्र लोखंडी कठड्यांच्या लायनी अरुंद, त्यात स्कूटर घेऊन शिरू नका. फोनवरच्या ॲपवरनं ऑर्डर द्यायची, एकानं आईसोबत टेबल धरून बसायचं, दुसऱ्यानं ट्रे आणायचा. आईच्या मांडीवर किंवा पुढच्या बास्केटमध्ये गरम काही देऊ नका, एक बारीक उंचवटा आला की सगळं अंगावर. बुफेत पण तसंच, आईला एकदा स्कूटरवरनं सगळं फिरवून दाखवा, मग ताट दुसऱ्यानं भरून आणायचं. आणि जेवण अकराला नाहीतर दोननंतर. साडेबाराला टेबलांच्या मधली वाट बेबी स्ट्रॉलरनी भरून जाते, वळायलाच मिळत नाही.

शाकाहारी लोकांचं काय? गोमांसाची भीती वाटते.

विचारून घ्या, बीन्स आणि सूपमध्ये पण मांसाचं पाणी असू शकतं. मेनूवर पानाचं चित्र असेल ते पूर्ण वनस्पतीजन्य, त्याच्यात दूध-तूप पण नाही. डिस्नेच्या ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं हॉटेल आहे, तिथं नान आणि वेगवेगळ्या चटण्यांची थाळी मिळते, आई तिसऱ्या दिवशी तिथं पोटभर जेवली.

घरचं खाणं पार्कात न्यायला परवानगी आहे, काचेची बरणी तेवढी नको. वहिनीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्लास्टिकच्या डब्यात दिली होती. काउंटरवर थंड पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, मागायला लाजू नका.

टॉयलेट?

कम्पॅनियन रेस्टरूम शोधा, नकाशात दाखवलेलं असतं. एकच मोठी खोली, आत स्कूटर जाते, मदतीला मुलगा असो मुलगी असो सोबत जाऊ शकतं. आई पाणी कमी प्यायला लागली होती जायला नको म्हणून, आपल्या बायका प्रवासात हे करतातच. ही खोली बघितल्यावर प्यायला लागली.

बॅटरी दिवसभर पुरते काय? पाऊस आला तर?

रात्री पूर्ण चार्ज केली तर एका माणसाला दिवस निघतो. वजन जास्त, चढ जास्त, तर लवकर उतरते. दुपारच्या जेवणाला काटा अर्ध्याच्या खाली असेल तर तिथनं पुढं गेटाच्या जवळच्या बाजूला फिरा.

फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी विजा-गडगडाटासह पाऊस पडतो. अंगावर एक रेनकोट आणि हँडलवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी. हँडलवर बटणं असतात, माणूस भिजला तर वाळतो, ती बटणं भिजली तर गाडी तिथंच थांबते. थांबलीच तर मागच्या चाकाजवळ एक दांडी असते, ती फिरवली की गाडी मोकळी होते आणि ढकलता येते. पण तेव्हा ब्रेक अजिबात नसतो, उतारावर कधीच मोकळी करू नका.

नातवाला पुढं उभं करून घेता येतं काय?

आपल्याकडं पोरगं ॲक्टिव्हाच्या पुढं उभं असतंच, म्हणून विचारतात. इथं एकच माणूस, मांडीवर पण नाही. पोराचा हात त्या पट्टीवर पडला की संपलं.

आपल्या इकडच्या पार्कात चालते काय?

आता आमची स्वतःची घडीची स्कूटर आहे, म्हणून इकडं पण नेऊन बघितलं. एका पार्कात (नाव घेत नाही) फोनवर सगळं आहे म्हणाले. जाऊन बघतो तर आतले रस्ते चांगले, पण जेवायचं हॉटेल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आई खाली झाडाखाली बसून डब्यातलं जेवली, आम्ही पण ताटं घेऊन खालीच आलो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागू होऊन एवढी वर्षं झाली, एक रॅम्प, एक लिफ्ट एवढंच मागणं आहे आणि ते मागताना आपल्याला कानकोंडं व्हायची काही गरज नाही. मी तिथल्या मॅनेजरला लेखी देऊन आले, तुम्ही पण द्या.

फोन करताना "सोय आहे काय" असं विचारू नका, होच म्हणतात. असं विचारा: गेटापासून हॉटेलापर्यंत किती पायऱ्या, हॉटेल कितव्या मजल्यावर, टॉयलेटचं दार किती रुंद, स्कूटर चार्ज करायला प्लग मिळेल काय, राइडला किती पायऱ्या चढायच्या. इकडच्या बऱ्याच राइडना पायऱ्या चढूनच जायला लागतं, ते धरून चला. कर्नाटकातल्या पार्काला फोन असेल तर सरळ कन्नडमध्ये "रॅम्प ऐतेनु, लिफ्ट ऐतेनु" म्हणून विचारा, उत्तर पण सरळ मिळतं.

बेंगळूर नाहीतर खोपोलीपर्यंत स्कूटर न्यायची कशी?

घडीची स्कूटर कारच्या डिकीत बसते. सुट्या भागांची असेल तर चार-पाच तुकडे होतात, सगळ्यात जड तुकडा दोघांनी उचलायचा. बिडदीचं वंडरला पार्क बेंगळूरच्या पलीकडं म्हैसूर रोडवर, म्हणजे बेळगावहून पाचशे किलोमीटरच्या वर, एका दिवसात जाऊन पार्क बघणं वयस्कर माणसाला नकोच. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत आहे, आई तिनंच जाते, कारण कारमध्ये आठ-नऊ तास गुडघे दुमडून बसणं तिला जमत नाही. खोपोलीचं इमॅजिका पार्क पुण्याच्या पुढं, एक रात्र पुण्यात थांबा.

आक्का, तुमची स्कूटर चार दिवस द्याल काय?

देते की, आत्तापर्यंत तिघांनी नेली. येताना माणसाला घेऊनच या, अर्धा तास अंगणात चालवून बघायची, मगच न्यायची. चार्जर आणि दोन्ही किल्ल्या परत आणा. रविवार सकाळ सोडून, कारण रविवारी सकाळी आई तिच्यावरनं भाजी आणायला जाते.